खंडेनवमीनंतरची आठ एमबी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला तर मी दाढ दुखली तरी सांगतो. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

तसं माझं बरं चाललंय. साताऱ्यात घर आहे, गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो, गुडघे कुरकुरतात पण अजून गड चढवतात. सुखी आहे मी. तरीही — एक गोष्ट आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी इथल्या एका कॉलेजात संगणक विभागाचा प्रमुख होतो. विभाग म्हणजे काय — सहा संगणक, मी, आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या कदमबाई. किल्ली त्यांच्या कमरेला. पोरांच्या चपला बाहेर, पंखे बंद, सगळं त्यांच्या शिस्तीत. खंडेनवमीला लोक हत्यारं-अवजारं पुजतात. बाई संगणक पुजायच्या. त्या वर्षी आदल्या दिवशी त्यांनी नव्या संगणकाचं झाकण उघडलं आणि मऊ ब्रशानं आतली धूळ काढली. कुंकू मात्र बाहेरून लावलं.

दसरा झाल्यावर मी त्या संगणकावर लिनक्स नावाची नवी कार्यप्रणाली चढवली. एका मासिकासोबत सीडी आली होती. हौस! मेमरी किती आहे, ते त्यालाच विचारलं. आम्ही घेतली होती बत्तीस एमबी — सोळाच्या दोन पट्ट्या. लिनक्स दाखवत होतं चोवीसच्या आत. मग आठ गेली कुठं? सोळाची एक पट्टी काढून तिच्या जागी आठची बसवली, तर हाच हिशेब येतो. आणि झाकण कुणी उघडलं होतं?

उघडून पट्ट्या बघायला मला कितीसा वेळ लागला असता? पण मी स्टाफरूममध्ये गेलो. म्हणालो, "दसऱ्याला लोक सोनं लुटतात, आमच्या बाईंनी मेमरी लुटली!"

सगळे हसले. बाईही हसल्या — आधी. मग शिपायापासून प्राचार्यांपर्यंत तो विनोद फिरला, आणि फिरता फिरता त्यातलं हसू गेलं. किल्ली माझ्याकडे आली. बाई ग्रंथालयात गेल्या, पुस्तकांवर शिक्के मारायला.

इथवर चूक म्हणता येईल. चूक कुणाकडून होत नाही? पण —

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच संगणकाशी खेळत होतो. लिनक्सच्या पडद्यावर रंग नीट येईनात, म्हणून सुरुवातीच्या सेटअपमध्ये शिरलो. तिथं एक ओळ होती: पडद्यासाठी मेमरी, आठ एमबी. या संगणकात चित्राचं वेगळं कार्ड नव्हतं, ती सोय मुख्य बोर्डातच होती. तिला स्वतःची मेमरी नसते. संगणक सुरू होतानाच ती मुख्य मेमरीतून आपला वाटा बाजूला काढते, आणि उरलेली लिनक्सच्या हाती येते. मी आठाच्या जागी दोन केले. लिनक्सनं तिसाच्या आसपास दाखवली. मेमरी पहिल्या दिवसापासून पूर्ण होती. बाईंनी काही नेलं नव्हतं.

आणि मग मी काय केलं? तो आकडा पुन्हा आठवर नेऊन ठेवला. दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून. विभागप्रमुखाला एवढंही माहीत नव्हतं, हे स्टाफरूममध्ये उभं राहून कोण सांगणार?

पुढे बाई नोकरी सोडून सांगलीला लेकाकडे गेल्या. काही वर्षांनी तिथंच एका लग्नात भेटल्या. अंगानं भरल्या होत्या, नातू कडेवर, चेहऱ्यावर समाधान. पंगतीत शेजारीच बसल्या आणि हसत म्हणाल्या, "आवं सर, ती आठ एमबी घावली का वो?"

खोटं बोलायला तरी एक क्षण लागावा ना? नाही लागला.

"नाही हो."

त्यांनी नातवाला भाताचा घास भरवला. मग हळूच म्हणाल्या, "मग माज्याच हातनं काय तर झालं असंल. लय घासलं व्हतं म्या ब्रशानं."

इतकी वर्षं त्या हे मनात घेऊन होत्या. आणि मी — मोठ्या मनानं, माफ केल्यासारखा — म्हणालो, "जाऊ द्या बाई. जुनी गोष्ट."

त्यांना खरंच बरं वाटलं. वाढप्याला हाक मारून त्यांनी माझ्या पानात आग्रहानं आणखी एक जिलेबी वाढायला लावली.

मी ती खाल्ली. चवीनं खाल्ली.