बोरमाळ शोधणाऱ्या दोन मशिनी

सोनं हुडकायची मशीन आमच्या सोलापूरच्या फ्लॅटवर कुरिअरनं आली तेव्हा मी कुकर लावत होते. आमच्या ह्यांना कुठला धीर! भाजी चिरायची सुरी घेऊन ह्यांनी खोकं फाडलं. आत प्लास्टिकची एक काठी, तिच्या खाली ताटलीएवढी चकती आणि मुठीपाशी दोनचार बटणं. "बघ आता, हातभर खोल असलं तरी सोडणार नाही," हे म्हणाले. जाहिरातीत तसंच होतं. जाहिरातीतला माणूस नदीच्या वाळूत काठी फिरवत होता आणि मूठ भरून सोनं काढत होता. मेल्यानं आमच्याकडची काळी माती जन्मात पाहिली नसणार.

आम्हाला मूठभर नको होतं. आईची हरवलेली बोरमाळ पाहिजे होती. आणि खरं सांगू का, मला बोरमाळीचंही तेवढं नव्हतं. मला मावशीवरचा आळ घालवायचा होता.

मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. मंद्रूपजवळ माझ्या माहेरचं रान आहे, तिथं कामाला येणारी बाई. आई लग्न होऊन आली तेव्हापासून ती येते. खुरपणी, काढणी, आईची दुखणी, माझी बाळंतपणं, सगळ्यात तिचा हात. वडील गेल्यावर आई गावात एकटी पडली, तर सोबतीला रोज झोपायलाही तीच जायची. आई तिच्यावर दिवसभर खेकसायची आणि ती नाही आली की जेवायची नाही.

वेळा अमावस्येला आमच्याकडं रानात जेवण असतं. बायका नवी लुगडी नेसून, अंगावर असेल नसेल ते सगळं घालून जातात. आईनं तिच्या आईची बोरमाळ घातली होती. आत लाख भरलेले सोन्याचे पोकळ मणी, दोऱ्यात ओवलेले, आणि दोरा केव्हाचा जुना. कडब्याच्या खोपीत पूजा करताना तिच्या मानेमागची गाठ सैल झाली. मावशीनं अंबिलीचं मडकं खाली ठेवलं आणि ती परत बांधली. मी समोरच होते. मग आई रानाच्या चारी बाजूंनी अंबील शिंपडत फिरून आली. आम्ही शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि भाकरी हाणली, जरा लवंडलो आणि घरी आलो. आई आरशापुढं उभी राहिली, तर गळा मोकळा.

"गाठ तिनंच बांधली हुती," आई म्हणाली.

"अगं आई, रानात पडली असंल कुठंतरी!"

"इतक्या वर्सांत कदी पडली न्हाय ती?"

दुसऱ्या दिवशी आईनं मावशीला दारातूनच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. पोलीस नाही, पंचायत नाही, तेवढं एक वाक्य. गावाला तेवढं पुरलं. ज्या बायका मावशीला हाका मारून खुरपायला न्यायच्या, त्या तिच्या घरावरून गप निघून जायला लागल्या. मी फोन केला तर ती रडली नाही की आईला नावं ठेवली नाहीत. म्हणाली, "रानातच हाय ती. तू हुडक, बाय. घावली की आक्काचा राग जाईल बग." मी म्हटलं, हुडकते. माझा शब्द आहे.

तर ती मशीन. ज्वारी उभी होती, म्हणून आई ज्या बांधाबांधानं फिरली तेवढीच वाट धरली. काठी जमिनीला लावली मात्र, हिनं बोंब मारली! उकरलं तर खिळा. पुढं परत बोंब, बाटलीचं झाकण. मग उकरावं तर काहीच नाही, नुसती माती, आणि मशीन मातीवरच किंचाळतेय. ह्यांनी बांधावर बसून मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. आपल्या काळ्या मातीतच लोखंडाचा अंश असतो, मशीन त्याच्यावरच ओरडतेय, असं म्हणाले आणि एक बटण पार खाली फिरवलं. मशीन गप्प झाली. "आता कसं!" हे खूश. मग दिवसभर ती गप्प मशीन आम्ही बांधानं फिरवली आणि जेवढं झालं तेवढ्यावर चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ ओढत गेलो. आई पदर डोक्यावर घेऊन बघत बसली होती. संध्याकाळी बांध चारी बाजूंनी पांढरा झाला.

"बगितलं न्हवं?" आई उठता उठता म्हणाली. "रानात न्हायच ती."

माझ्या डोक्यातून काही ते जाईना. येताना मी पिशवीभर माती आणली होती. ती प्लास्टिकच्या बादलीत भरली, माझी अंगठी बोटभर खाली पुरली आणि मशीन वरून फिरवली. गप्प. अंगठी वर आणली. गप्प. शेवटी अंगठी मातीवर उघडी ठेवून चकती तिला टेकवली, तेव्हा बाईसाहेब कुठं कण्हल्या. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे बादलीकडं बघत होते. "अहो, ही मशीन आहे का खुळखुळा?" मी ओरडले. "दिवसभर काय हुडकलं आपण? काठी घेऊन फिरायलाच गेलो होतो की!" परत पाठवायला गेलो तर कंपनीवाले म्हणाले, वापरलेली घेत नाही. आईला फोन करून सांगितलं, मशीन खोटी होती. आई म्हणाली, "खोटी हाय तर आनली कशाला?"

दुसऱ्या वेळी मी ह्यांच्या हातात काही ठेवलं नाही. साडी घेताना मी दुकानदाराचा जेवढा जीव खाते तेवढा मी मशीनवाल्यांचा खाल्ला. प्रत्येकाला फोन करून एकच विचारायची, काळ्या रानात चालते का? "सगळीकडं चालते, मॅडम!" असं जो म्हणेल त्याचा फोन कट. एक भला माणूस तेवढा म्हणाला की जी मशीन त्या त्या मातीला जुळवून घेता येते, म्हणजे मातीवर गप्प बसून फक्त धातूवर बोलते, तीच घ्या. बाकीच्यांवर पैसे घालवू नका. तशी मशीन ह्यांच्या एका मित्राच्या मेव्हण्याकडं निघाली. जुनी, धुण्याच्या बादलीसारखी जड. मी आधी तिला माझ्या बादलीपुढं उभी केली. अंगठी पार तळाला घातली. मातीवर ती शांत, आणि अंगठीवर आली की असा स्वच्छ आवाज की शेजारीण दार उघडून बघायला आली. मला इतका आनंद झाला की तिथंच उभ्या उभ्या मावशीला फोन लावला. "मावशी, आता चांगली मशीन मिळाली. ज्वारी निघाली की येतो. घावलीच म्हणून समज!"

ज्वारी निघाली आणि आम्ही गेलो. विहिरीकडच्या बांधावर, अजून पुसट दिसणाऱ्या फक्कीच्या रेघेवरच, मशीन बोलली. थंडीत आमच्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तशीच एक भेग होती, वर ढेकळं पडून बुजलेली. ह्यांनी खुरप्यानं ढेकळं काढली, मी कोपरापर्यंत हात घातला, आणि बोटांना मणी लागले. मी केवढ्यांदा किंचाळले! पलीकडच्या रानातली माणसं धावत आली. आईनं मातीनं भरलेली बोरमाळ पदरानं पुसली, डोळ्यांना लावली आणि लहान पोरीसारखी रडली. मीही रडले. मला वाटलं, सुटलो. मावशी सुटली.

मग आईनं डोळे पुसले आणि खाली बघितलं. फक्कीची रेघ.

"हितं तर तुमी तवाच बगितलं हुतं की."

"आई, ती मशीन बहिरी होती! सांगितलं ना तुला मी."

"हितं नव्हती म्हून तर रेघ वडली तुमी." आई शांतपणे बोलत होती, आणि आलेली माणसं माना हलवत होती. "मोटी मशीन येनार म्हनून तिला कुनी सांगितलं?"

मी सांगितलं होतं. बादली, अंगठी, माती, बटण, सगळं मी परत परत समजावलं. ह्यांनी समजावलं. जेवढं बोलावं तेवढं आम्हीच मावशीला पाठीशी घालतोय असं दिसायला लागलं. पहिली मशीन आणून दाखवते म्हटलं तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. भ्याली आन् ठेवली आनून. मिळाली न्हवं? मी माफ केलं म्हनावं तिला."

इतकी हतबल मी आयुष्यात कधी झाले नव्हते. समोर माझी आई, हातात सोनं, आणि मला जे पक्कं ठाऊक आहे ते एका माणसाच्या गळी उतरवता येईना.

मावशीच्या घरी गेले तर बातमी माझ्याआधी पोचली होती, पण अर्धीच. तिनं मला दारातच मिठी मारली. "घावली न्हवं? म्या म्हनले नव्हते?" चहा टाकला. कोपऱ्यातलं खुरपं तिनं दगडावर घासायला घेतलं. "आक्काला सांग, उद्यापास्नं येते. हरभरा काढाय आला आसंल की."

मी तिचा हात धरला, तशी तिनं वर बघितलं. मग मला सांगावंच लागलं. रेघेचं, फोनचं, आणि माफ केल्याचंसुद्धा. ती ऐकून घेत होती. खुरपं हातातच होतं. चहा उतू गेला तरी दोघींतली एकही उठली नाही.

"घावली न्हवती तवा मी चोर," ती म्हणाली. "आता घावली तरी मीच चोर. मग आता आनी काय हुडकनार गं, बाय?"