अण्णांचा कावळा आणि सुरयांची अंडी

भानुमती ओगाता आराकावा नदीच्या बांधावर निघाली की तिच्या हातात छत्री असायचीच. ऊन असो, आभाळ असो. ती छत्री उन्हासाठी नव्हती, पावसासाठीही नव्हती. शिटांसाठी होती.

"पक्षी बघाल तर साळुंकीएवढा," ती सांगायची, "पण नेम असा, की सैन्यानं भरती करून घ्यावा."

पक्षी म्हणजे छोटा सुरय. जपानी लोक त्याला कोआजिसाशी म्हणतात. पांढराशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, काळ्या टोकाची पिवळी चोच. वसंतात पार ऑस्ट्रेलियाकडून उडत यायचं आणि नदीकाठच्या उघड्याबोडक्या गोट्यांत अंडी घालायची, हा त्याचा खाक्या. घरटं वगैरे भानगड नाही. नर मादीला एक मासा आणून देतो, ती तो गिळते, झालं लग्न.

"केननं मला काय दिलं होतं लग्नाआधी?" भानुमती विचारायची. "ही छत्री!"

केन ओगाता सांगलीच्या साखर कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता, आणि परत जाताना यंत्रांच्या बदल्यात भानुमतीला घेऊन गेला. तिचे वडील, म्हणजे अण्णा, दोघांशी बरीच वर्षं बोलले नाहीत. मग आई गेल्यावर "महिनाभर येतो" म्हणून टोकियोत एदोगावाला आले आणि मरेपर्यंत राहिले. अंड्याला जन्मात शिवले नाहीत. भानुमती बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करायची ती नेमकी बेंतोच्या, तयार जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात, डब्यांत अंड्याच्या गोड वड्या भरायचं काम. ती घरी आली की अण्णा दारातच हात आडवा धरायचे, "आधी अंघोळ."

शहाण्णव सालच्या वसंतात मोहल्ल्याच्या मंडळानं ठरवलं, की बांधाखालच्या त्या रखरखीत गोट्यांच्या पट्ट्यावर कॉसमॉसची फुलं लावायची. मंडळाचे अध्यक्ष निशियामा-सान. मऊ आवाजाचे, निवृत्त, आणि फुलांपायी वेडे.

"ओगाता-सान, तिथे काहीच नाही, म्हणून तर लावायची."

"काहीच नाही म्हणून तर ते येतात!" भर सभेत भानुमती उठली. "गोट्यांत अंडं ठेवलं की ते गोटाच दिसतं. गवत वाढलं की मांजर लपतं, आणि पक्षी मग तो काठ सोडूनच जातो. तुमच्या कॉसमॉसमध्ये बसून काय करतील ते, फोटो काढून घेतील?"

सभेत कुणी असं बोलत नाही. सगळे चहाच्या पेल्यात बघत राहिले. शेवटी निशियामा-सान म्हणाले, "या हंगामात पिल्लं उडाली, तर पट्टा कायमचा उघडा ठेवू. नाही उडाली, तर कॉसमॉस."

मग दर रविवारी भानुमतीनं नवऱ्याला आणि कॉलेजात जाणाऱ्या लेकीला, रेनला, गोट्यांतलं गवत उपटायला जुंपलं. केन ते पोत्यात भरत म्हणायचा, "लोक बाग राखतात. आम्ही वाळवंट राखतो." मे महिन्यात सुरयांनी अंडी घातली. भानुमतीनं बांधावर पाटी लावली, कुत्री आणू नका. खाली उतरण्याच्या वाटेवर दोरी बांधली. गळ टाकणाऱ्यांना हाकललं.

आणि मग ज्येष्ठात अण्णांची तिथी आली.

दर वर्षी बाल्कनीत पान ठेवलं की भागायचं. यंदा इमारतीतल्या लोकांनी कावळ्यांपायी कचऱ्यावर जाळ्या घातल्या होत्या, आणि बाल्कनीत कुणी भाताचा कणही ठेवू नये अशी चिठ्ठी लिफ्टमध्ये डकवली होती. म्हणून भानुमती दहीभात नि वडा घेऊन बांधावर गेली. रेनला बरोबर नेलं, आजोबांना नात दिसावी म्हणून.

कावळा दिव्याच्या खांबावर बसला होता. खाली येईना.

"काही तरी इच्छा राहिलीय," भानुमतीनं हात जोडले. "अण्णा, आईची दागिन्यांची पेटी बहिणीला देईन, अरुणाला."

कावळा ढिम्म.

"अण्णा, रेनचं लग्न मराठी मुलाशी लावीन."

"चोत्तो मात्ते! थांब जरा!" रेन ओरडली. "माझं लग्न कुठून आलं मध्ये?"

कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला.

"बघ," भानुमती डोळे पुसत म्हणाली.

"ममा, इट्स अ क्रो. ही लाइक्स फ्राइड फूड."

पण भानुमतीला वडील भेटले होते. जिवंतपणी मागून वाढून घ्यायला लाजणारा माणूस आता समोर चवीनं जेवत होता, मग एका तिथीवर कसं भागेल? दुसऱ्या दिवशीही ती भात घेऊन गेली. तिसऱ्याही. अण्णा पुढं मित्रांना घेऊन येऊ लागले. हयातीत त्यांना एवढे मित्र कधीच नव्हते.

जूनमध्ये अंडी नाहीशी होऊ लागली.

भानुमतीनं आधी मांजरांवर संशय घेतला, मग पक्ष्यांचे फोटो काढायला येणाऱ्यांवर. शेवटी ती तडक निशियामा-सानांच्या दारात उभी राहिली. "तुमची माणसं अंडी उचलतायत. कॉसमॉससाठी!"

निशियामा-सानांचे कान लाल झाले. पण ते एवढंच म्हणाले, "चला, बसून बघू."

दोघं पहाटे बांधावर बसले. भानुमतीनं सवयीनं भाताचा डबा आणला होता, तो ठेवला. कावळा आला. भात खाल्ला, दगडावर चोच दोन्ही बाजूंनी नीट पुसली, गोट्यांत उतरला आणि शतपावली घालावी तसा चालत जाऊन एक अंडं उचललं.

भानुमतीनं रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

"तुमच्या ओळखीचे आहेत का?" निशियामा-सानांनी अदबीनं विचारलं.

"माझे वडील आहेत."

निशियामा-सान उठले. कावळ्याकडे तोंड करून कमरेतून वाकले. मग खाली बसत हळूच म्हणाले, "त्यांना अंडी आवडायची वाटतं."

"शिवत नव्हते!" भानुमती किंचाळली. "मला अंघोळीला पाठवायचे! अण्णा! ठेवा ते खाली!"

छत्री उगारून ती बांधावरून धावत सुटली. स्वतः बांधलेली दोरी ओलांडून गोट्यांत. कावळा उडाला. सुरयांना दोघांत काही फरक दिसला नाही. सगळा थवा भानुमतीवर तुटून पडला, आणि छत्री तर कावळ्याकडे रोखलेली.

परत आली तेव्हा डोक्यापासून पायांपर्यंत पांढरी झाली होती. निशियामा-सानांनी हातरुमाल पुढे केला. ती माफी मागू लागली, तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडेही ओबोनच्या सणाला पूर्वज येतात. पण आम्ही त्यांना तीन दिवसांत परत पाठवतो."

त्या दिवशी तिनं सांगलीला बहिणीला, अरुणाला, फोन लावला.

"अण्णांचं जेवण बंद करू कसं गं? उपाशी जातील."

"अगं भाने, कावळा नसला तर दर्भाचा करतात ना! तोच शिववायचा पानाला. आईच्या वेळी नव्हता का गुरुजींनी केला?"

"इथं दर्भ कुठून आणू?"

"जपानात गवत उगवत नाही का?"

भानुमतीनं बाल्कनीकडे पाहिलं. केननं उपटलेल्या गवताचं पोतं तिथं ठेवलेलं होतं.

भात बंद झाला. कावळे रुसून खांबावर बसून राहिले, मग एकेक करून स्टेशनामागच्या खाणावळींकडे निघून गेले. जूनअखेर सुरयांनी पुन्हा अंडी घातली, पहिली गेली तर ते घालतात तशी. रविवारच्या उपटणीला एक माणूस वाढला. फुलवेडे निशियामा-सान गुडघ्यांवर बसून इवलाली रोपं उपटायचे आणि प्रत्येकाला "माफ करा" म्हणायचे. ऑगस्टच्या मध्याला त्या गोट्यांवरून पिल्लं उडाली. निशियामा-सानांनी कॉसमॉसचं बी आपल्या कुंडीत पेरलं.

पुढच्या वर्षीची तिथी स्वयंपाकघरातच झाली. कावळा रेननं वळला, गोट्यांतल्याच गवताचा. दिसायला बदक.

"काय लावलंईस हे?" केननं सांगलीतच शिकलेल्या मराठीत विचारलं.

"ओजीचान आलेत, आजोबा," रेन म्हणाली. तिनं कावळा पानाजवळ नेला आणि भाताच्या वरच थांबवला. मग आवाज जाड करून, चक्क मराठीत म्हणाली, "रेनला हवं त्याच्याशी लग्न करू दे. नाही तर शिवत नाही."

भानुमतीनं गवताच्या कावळ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. उघड्या खिडकीतून नदीवरचा किरी-किरी आवाज येत होता. सुरय परत आले होते.

"बरं, कबूल," ती म्हणाली. कावळा शिवला. "अण्णा मेल्यावर फारच सुधारले," असं म्हणत तिनं छत्री उचलली आणि बांधाकडे निघाली.