त्यांनी स्वतः घेतलेला श्वास

दौंडच्या दवाखान्यात ह्यांना आयसीयूत घेतलं, तेव्हा आमची शेवंती ऐन तोडणीला आली होती. ताप न्यूमोनियावर गेला आणि चौथ्या दिवशी नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागला. आमच्या भांडगावात व्हेंटिलेटर म्हटलं की माणूस गेलाच असं धरतात.

डॉक्टरीणबाई माझ्या थोरलीच्या वयाच्या. मला बसवून म्हणाल्या, "काकू, जोरात हवा भरली तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून आता आम्ही बेताबेतानं देतो. आणि त्यांना पालथं झोपवणार आहोत, म्हणजे पाठीकडचं फुप्फुस उघडेल."

पाच जणांनी मिळून ह्यांना पालथं केलं. रोज सोळा तास तसेच. मी आत जायचे तेव्हा पाठच दिसायची, आणि एका अंगाला वळवलेला सुजका गाल. लग्नाला तीस वर्षं झाली, पण ह्यांच्या पाठीवर एवढे तीळ आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या पाठीशीच बोलायचे.

पुढच्या आठवड्यात उताणं केलं, गुंगीचं औषध कमी केलं. डॉक्टरीणबाईंनी मशीनच्या पडद्यावर बोट ठेवलं. "ही पिवळी खूण आली की श्वास त्यांनी स्वतः सुरू केलाय. मशीन त्यांची वाट बघतं, मग नुसता हातभार लावतं."

"म्हंजी ह्येच घेत्यात?"

"हो काकू, हेच घेतायत."

मी सासऱ्यांना, आबांना, आत आणलं. खूण आली की आबा पुटपुटायचे, "घेतला! पोरानं घेतला!" ह्यांनी डोळे उघडले. नळीमुळे बोलता येईना. माझ्या तळहातावर बोटांनी फूल खुडल्यासारखं केलं.

"व्हय, तोडली. समदी तोडली," मी म्हणाले. अर्धा प्लॉट तसाच सुकत होता.

दोन दिवसांनी संसर्ग रक्तात पसरला, बीपी उतरलं. छाती वरखाली होत होती, पण खूण येत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला. "आता फक्त मशीन देतंय, काकू."

"थांबा की जरा," आबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "दमलंय त्ये. घेईल."

दुपारी हे गेले.

शववाहिकेत आबा पुढं बसले, मी मागं ह्यांच्यापाशी. पाटसला उसाच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. मला वाटत होतं, रस्ता मोकळा होऊच नये.