झाकणातली लाल सोंगटी

दातांच्या दवाखान्यातल्या मावशीबद्दल एक वावडी उठली होती, की तिने बाकावर ठेवलेला सोंगट्यांचा खेळ सुटतच नाही. लोक त्यातच गुंतून राहावेत, खुर्चीला भिऊन पळू नयेत म्हणून तिने एक सोंगटी मुद्दाम जाड कापलीय म्हणे.

साफ खोटं. रोज दवाखाना बंद करताना मावशी तो खेळ सोडवायची, पुन्हा मांडायची आणि मगच दिवा घालवायची. बिस्किटांच्या डब्याचं झाकण, त्यात घासून गुळगुळीत केलेल्या प्लायवूडच्या सोंगट्या आणि कोपऱ्यात कापलेली एक फट. लाल सोंगटी त्या फटीतून बाहेर काढायची. उचलायची नाही, नुसती सरकवायची. पळणाऱ्यांसाठी केला होता, एवढं मात्र खरं. आतलं मशीन घुंई करू लागलं की बाकावरचे सगळे दाराकडे बघायचे.

पण काल दोघांची झाकणावरून झोंबाझोंबी झाली आणि आज सकाळी डॉक्टरबाई वैतागून म्हणाल्या, "मावशी, आज संध्याकाळपर्यंत एखाद्या पेशंटने सोडवला तर राहू दे. नाहीतर घरी न्या."

"मीच सोडवून दाखवू?"

"तुम्हीच केलाय. तुमचा कसा धरू?"

पेशंटना आत बोलवायचं काम मावशीचं. शाळा सुटली की तिची भाची टेबलामागे येऊन बसायची आणि पेशंटची पाठ वळली रे वळली की त्याची नक्कल करायची. टेम्पोवाला झाकण स्टिअरिंगसारखं धरून सोंगटीलाच सांगत होता, "घे मागे, अजून घे, बस बस." शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "यात निव्वळ लॉजिक आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे सदोष आहे." खोड मात्र सगळ्यांची एकच. झाकण हातात आलं की आधीच्याने केलेलं मोडून पहिल्यापासून. "काय घोळ घालून ठेवलाय यांनी." टेम्पोवाल्याने निम्म्यावर आणलेला डाव बाईंनी मोडला, तेव्हा मावशीने घड्याळाकडे पाहिलं.

उन्हं उतरली तेव्हा झाकण रंगाऱ्याच्या मांडीवर होतं. गाल धरून दोनदा आलेला आणि दोनदा पळालेला हा गडी आज मान वर करत नव्हता. नखांत पांढरा रंग भरलेल्या त्या बोटांखालून लाल सोंगटी कोपऱ्याकडे सरकत होती. अगदी थोडं उरलं होतं. मावशीला ते टेबलावरूनच दिसत होतं.

आतून घंटी वाजली.

मावशीने उगीच टेबलावरचे कागद नीट केले. पण रंगाऱ्याच्या शेजारी एक आजोबा ठणकता दात धरून बसले होते. उशीर केला तर त्यांचे हाल.

"चला, तुमचा नंबर."

"एक मिनिट हो, मावशी."

"दाताला विचारा, थांबतो का मिनिटभर."

भाची कानाशी लागली. "जिन्याने सटकणार बघ. लावतेस पैज?"

"लावली. हरलीस तर आठवडाभर कुणाची नक्कल करायची नाही."

झाकण बाकावर ठेवून रंगारी उठला. त्याने जिन्याकडे पाहिलं. तेवढ्यात आजोबांचा हात झाकणाकडे निघाला. रंगाऱ्याने खिशातून रुमाल काढला आणि बसमध्ये जागा धरावी तसा झाकणावर टाकला. "आजोबा, मोडू नका. आलोच." आणि आत गेला.

मशीन सुरू झालं.

"नुसता बघू का?" आजोबा म्हणाले.

"नका बघू," मावशी म्हणाली.

"बघून मोडतो थोडाच?"

"आजोबा."

हात निमूट गालावर परत गेला. मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. मावशीची नजर रुमालावरून हलेना, भाचीची जिन्यावरून.

दार उघडलं. रंगाऱ्याचा अर्धा ओठ लोंबत होता, गालात कापूस होता. मागून हातमोजे काढत डॉक्टरबाई आल्या. "आज चक्क बसून राहिले. वर मलाच घाई करत होते."

त्याने रुमाल उचलला. एक सोंगटी सरकवली. थबकला, ती परत मागे घेतली. दुसरी सरकवली. मग लाल सोंगटी फटीतून घसरून त्याच्या तळहातावर आली.

"हुटला," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी सोंगटी उलटसुलट करून पाहिली. "राहू दे मग. पण इथे बाकावरच."

बधिर ओठातला तो 'हुटला' भाचीच्या जिभेवर नाचत होता. मावशीने नुसतं बोट उगारलं. भाचीने तोंड मिटलं आणि घरी येऊन वही काढली. नक्कल करायची नाही असं ठरलं होतं. लिहायची नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं.