गाभाऱ्याचा पिवळा रंग

मंगल, माझी बायको, गेल्यावर मी वर्षभर महादेवाच्या देवळात पाऊल टाकलं नाही. चाकणच्या कंपन्यांनी आमचं गाव तिन्ही बाजूंनी वेढलं, पण हे हेमाडपंती देऊळ तसंच राहिलं. यादवांच्या काळातलं, असं जुनी माणसं सांगतात. चुना न लावता एकात एक बसवलेले काळे दगड, खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल होत गेलेले खांब, चार पायऱ्या उतरून जायचा अंधारा गाभारा. मंगल बरी व्हावी म्हणून मी तिथे नवस बोललो होतो, आणि फळाची वाट न बघता तो आधीच फेडलाही होता. मी गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला आहे. माझ्यासारखा माणूस देवाला दुसरं काय देणार? गाभारा आतून, दारावरच्या कोरीवकामासकट, ऑइलपेंटने रंगवला. हळदीसारखा तो पिवळा रंग मंगलनेच दवाखान्यातल्या खाटेवरून शेडकार्डावर बोट ठेवून निवडला होता. रंग वाळला त्याच आठवड्यात ती गेली. देवाचा मला इतका राग आला, की देवळावरून जाणारा रस्ताही मी सोडला.

यंदाच्या पावसाळ्यात गुरव आबा घरी आले. "देवाला घाम फुटलाय. लोकं लांबून यायला लागलीत. तू बी ये की," म्हणाले. केवळ त्यांच्या वयाचा मान म्हणून गेलो. भिंतींवरून पाणी ओघळत होतं, रंगाला जागोजाग फोड आले होते, आणि दारावरच्या कोरीव मूर्तीचा गाल रंगासकट निघून खाली पडला होता. बघताक्षणी समजलं. ओल्या पत्र्यावर रंग मारू नये, हे मी नव्या कामगारांना शिकवतो, आणि भर पावसाळ्यात त्या दगडावर मीच रंगाचे दोन हात मारले होते. शेकडो वर्षं टिकलेलं कोरीवकाम माझ्या भक्तीने सुटत होतं. तरी मी गप्प बसलो. बोललो असतो तर रंग काढावा लागला असता, आणि मंगलने शेवटची निवडलेली वस्तू तीच होती. लोक त्याला घाम म्हणत होते, मी म्हणू दिलं. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

पुढच्या सोमवारी दर्शनाच्या रांगेत एक म्हातारा होता. पाटे-वरवंटे घडवून विकत हिंडणारा, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. त्याने हात जोडायच्या आधी तळवा भिंतीला लावला. "दगड पावसात पाणी पितो अन् उन्हाळ्यात माघारी देतो," तो म्हणाला. "ह्याचं तोंड कुणी बांधलं?" मला कुणी विचारलं नव्हतं, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "मी." तो म्हणाला, "मग तुम्हीच सोडा, दादा. दुसऱ्याचा हात जड पडंल." पिशवीतून एक लाकडी पाचर काढून त्याने माझ्या हातात दिली, लोखंड लावू नका म्हणून बजावलं आणि नमस्कार करून निघून गेला. चाकणच्या बाजारात मी त्याला पुष्कळ शोधलं. तो कोण होता याचा वाद मला घालायचा नाही.

फर्स्ट शिफ्ट सुटली की मी रोज गाभाऱ्यात उतरायचो. सहा आठवडे लागले. पापुद्रा निघाला की खालून टाकीचे बारीक घाव दिसायचे, आणि मी रडत रडत पुढचा काढायचो. दिव्याच्या कोनाड्यात हातभर रंग मात्र ठेवला. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की येवढा. कोन बघतंय?" मी चार दिवस ठेवलाही. पाचव्या दिवशी त्यालाही फोड आला.

तोही काढला. ओल्या दगडाला कपाळ टेकलं आणि त्या दिवशी देवाकडे काहीच मागितलं नाही. त्याने माझी चूक माझ्याच हातून सुधारून घेतली, एवढ्या कृपेबद्दल मी त्याचा ऋणी आहे. त्याला द्यायला म्हणून नेलेला रंग मी खरं तर स्वतःसाठी धरून ठेवला होता. मंगलला अग्नी दिला तेव्हा सगळे म्हणाले, आता तिला जाऊ दे. ते मला जमलं वर्षानंतर, त्या कोनाड्यापुढे.