सगळं नॉर्मल आहे, चालायला लागा

"तुम्हाला लाँग कोविड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही सोंग करत नाही आहात."

शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण संताप आला. एवढं एक वाक्य ऐकायला वर्ष उलटून गेलं होतं.

मी सोलापुरातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. मुलींना खो-खो शिकवते. कोरोनाचा ताप आला आणि गेला, दवाखान्यात राहावंही लागलं नाही. पण त्यानंतर जिना चढला की धाप लागायची. वेणी घालायला हात वर धरले की दंड भरून यायचे. बोलताना साधे शब्द आठवायचे नाहीत. आणि विचित्र म्हणजे, काम केलं त्या दिवशी काही व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी अंगातला जीव काढून घेतल्यासारखी पडून राहायचे.

मग तपासण्या. ईसीजी झाला. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. डी-डायमर झाली, रक्तात गुठळ्या होऊन विरघळत असतील तर त्याची खूण या तपासणीत सापडते. सगळं नॉर्मल. प्रत्येक वेळी अर्धा दिवस बाकड्यावर बसायचं आणि आत दोन मिनिटं.

हृदयाच्या डॉक्टरांनी फाइलमधून मान वर केली नाही. "मॅडम, हार्ट एकदम छान आहे. टेन्शन घेता तुम्ही. रोज चालायला लागा, मग हळूहळू पळा. तुम्ही तर खेळाच्या टीचर!"

मी शिस्तीतली बाई. चालले, पळाले, पाय लटपटत असताना पळाले. एका सकाळी मैदानावरच खाली बसले आणि मुलींनी धरून रिक्षात घातलं. त्यानंतर अंथरूण धरलं. उजेड सोसेना. भांडं पडलं तरी डोक्यात घाव बसायचा. नवरा न्हाणीघरापर्यंत धरून न्यायचा आणि तरी म्हणायचा, "रिपोर्टमध्ये काही नाही गं. मनानं घे जरा." शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, बाईंना आता ऊन नको झालंय. सोलापूरच्या उन्हात माझी हयात गेली!

मंद्रूपहून माझी आई आली. दोन दिवस ती नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "जावईबापू, रिपोर्ट काय बी म्हणू द्या. माजी लेक घास हातात धरून झोपतीया, त्ये तुमाला दिसत न्हाय व्हय? दुसरा डाक्टर बगा की."

म्हणून आम्ही या डॉक्टरीणबाईंकडे आलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मी विचारलं, "मग कारण काय?"

"पक्कं अजून कुणालाच माहीत नाही. एक शक्यता मायक्रोक्लॉट्सची, म्हणजे रक्तातल्या अतिबारीक गुठळ्यांची. काही संशोधकांना त्या अशा रुग्णांच्या रक्तात दिसल्यात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकत असतील, तर स्नायूंना ऑक्सिजन कमी पडेल. पण आजार त्यांच्यामुळेच होतो, हे सिद्ध झालेलं नाही. आपल्या नेहमीच्या तपासण्यांत त्या दिसत नाहीत. त्या शोधायची सोय इथे नाही."

"मग रक्त पातळ करायची गोळी द्या."

"नाही देणार. तिनं हा आजार बरा होतो याचा भरवसा नाही. रक्तस्रावाचा धोका मात्र खरा आहे."

मी त्यांच्यावरही चिडले. आजाराचं नाव घ्या, पण औषध मागू नका, हा कुठला न्याय? घरी येईपर्यंत नवऱ्याशी बोलले नाही. राग ओसरल्यावर मात्र कळलं, 'माहीत नाही' म्हणणाऱ्या या पहिल्याच डॉक्टर. त्यांनी त्या 'माहीत नाही'चं खापर माझ्या डोक्यावर फोडलं नव्हतं.

त्यांनी पेसिंग शिकवलं. पेसिंग म्हणजे ताकद संपायच्या आत थांबायचं. बरं वाटत असतानाच बसायचं. आयुष्यभर मुलींना 'थांबू नका' म्हणून ओरडलेल्या बाईला हे फार जड गेलं. आता मी खुर्चीवर बसून शिट्टी वाजवते. अर्धा दिवस जमतं. पूर्ण बरी नाही, पण अंथरुणातून उठले. नवरा पोळ्या लाटतो, वेड्यावाकड्या.

अंगात थोडं बळ आल्यावर मी त्या हृदयाच्या डॉक्टरांकडे मुद्दाम गेले.

"तुम्ही पळायला सांगितलंत. मी पळाले, आणि आडवी झाले."

त्यांनी या वेळी माझ्याकडे पाहिलं. "होतं असं काहींना. तुमच्यासारख्या बऱ्याच जणी येतात."

बऱ्याच जणी! माझं डोकं फिरलं. "मग त्यांना काय सांगता?"

त्यांनी नजर पुन्हा फाइलीत घातली. मग हळूच म्हणाले, "चालायला."

मी उठून बाहेर आले. बाकड्यावर एक बाई भिंतीला डोकं टेकून बसली होती, डोळे मिटलेले, मांडीवर फाइल. बाहेर थांबलेला नवरा म्हणाला, "चल, दमशील."

"थांब जरा," मी म्हटलं आणि तिच्याशेजारी बसले. तिनं डोळे उघडले.

"समदं नॉर्मल हाय म्हणत्यात," ती म्हणाली, जणू तिचाच गुन्हा होता.

"म्हणू देत," मी म्हटलं. "तुम्हाला काय होतंय, ते मला सांगा."