अंगाने असाच होता

"दोन लावल्याबिगर खरं भायेर येत नाय," असं म्हणत मावशी तव्यावरची भाकरी उलटायच्या. कामोठ्यात आमच्या इमारतीखाली त्यांचं पोळीभाजी केंद्र होतं. तुमच्याही गल्लीत असतील अशा एक मावशी. कुठे सोनसाखळीचोर पकडला गेल्याची बातमी आली की त्यांचं हे वाक्य ठरलेलं, आणि काउंटरपाशी उभे असलेले आम्ही माना डोलवायचो.

मग एका सकाळी हेल्मेट घातलेल्या मोटारसायकलवाल्याने त्यांचंच मंगळसूत्र ओढून नेलं. गळ्यावर वळ उठला. त्यानंतर मागून गाडीचा आवाज आला की मावशी भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. शटर अर्धं खाली ओढून, वाकून भाकऱ्या द्यायच्या.

पोलिसांनी तशीच गाडी असलेल्या एकाला उचललं. मावशींना तो लांबून, पाठमोरा दाखवून विचारलं, "हाच का?"

"तोंड नाय दिसलं. अंगाने असाच होता," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फोन आला, त्याने कबूल केलंय. इमारतीत पेढे वाटायचेच काय ते राहिले.

जबाबावर सही करायला त्या पोलीस ठाण्यात गेल्या, तेव्हा सोबत मी होतो. तो पकडलेला माणूस भिंत धरून चालत आला. ओठ फुटलेला. मावशींना बघून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मी रोडपालीचा रिक्षावाला. तुमच्याकडून भाकऱ्या नेतो ना."

मावशींच्या हातातलं पेन थांबलं. "सायेब, ह्यो नाय तो."

"अहो, कबूल केलंय त्याने."

"मला येवढं मारलं असतं तर मीपन केलं असतं."

सही न करता त्या बाकावर जाऊन बसल्या. संध्याकाळी त्याला सोडल्यावरच उठल्या.

इमारतीत हे कुणालाच रुचलं नाही. "चोर सोडवून आणलात," लोक तोंडावर म्हणाले. "पोलिसांनी हात आवरला तर आपण कुणाच्या भरवशावर राहायचं?" मावशी डबा घेऊन रोडपालीला गेल्या. त्याच्या बायकोने तो घेतला नाही. "त्यांचा हात वर होत नाही आता. रिक्षा बंद आहे," एवढं सांगून तिने दार लावलं.

पुढे केंद्र बंद करून मावशी उरणकडे भावाच्या घरी निघाल्या. पनवेल डेपोत मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. खिडकीपाशी उभं राहून म्हणालो, "मावशी, तुम्ही वाचवलंत त्याला."

"मंगळसूत्र गेल्यापासून डोल्याला डोला लागला नव्हता माझा," त्या म्हणाल्या. "त्यानं कबूल केलं म्हणून फोन आला, त्या राती मात्र गाढ झोपले रे. किती बरं वाटलं मला."

बस सुटली. मी हात केला. मावशी समोर बघत होत्या.